तिसऱ्या नंबरवरचे गृहस्थ

अमेरिकेत प्रेसिडेंटची निवडणूक चार वर्षांतून एकदा येते, पण तिचे किस्से फ्रीजरमधल्या दह्याच्या डब्यांसारखे साठत जातात. झाकणावर दह्याचं चित्र, आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. कधी वरण निघतं, कधी मागच्या संक्रांतीचा तिळगूळ! आमच्या व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये ह्या वेळी इतके डबे साठलेत की म्हटलं, थोडे तुमच्यासमोर रिकामे करावेत. एक आधीच सांगते, मला हे सगळं कळलंय असं समजू नका. तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता तर अजिबातच नाही.

ग्रुप म्हणजे फार कोणी नाही. दर शनिवारी सकाळी तळ्याला फेरी मारायची आणि मग पाटणकरांकडे पोहे खायचे, एवढाच कार्यक्रम. पाटणकरकाका रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर. त्यांनी आयुष्यभर रस्ते बांधले, त्यामुळे कुठेही जाताना रस्त्याला नावं ठेवतात. शोभाकाकू त्यांच्या बायको, पोह्यांच्या मालकीण. शेजारच्याच घरात डॉक्टर गोडबोलेकाका, रिटायर्ड भूलतज्ज्ञ. गोडबोलेकाकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा दूर कॅलिफोर्नियात. आणि आम्ही दोघं, मी नागपूरची आणि माझा नवरा समीर पुण्याचा, आयटीतली जनता.

पाटणकरकाका निळे, गोडबोलेकाका लाल. दोन मोठ्या पक्षांची नावं घेतली की भांडण सुरू होतं, म्हणून शोभाकाकूंनी घरात फक्त रंग अलाउड केलेत. मीही इथे तोच नियम पाळणार आहे.

* * *

मागच्या निवडणुकीचा डबा आधी उघडते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

त्या वर्षी दोघांनी आपापल्या लॉनवर प्रचाराच्या पाट्या रोवल्या. एक लाल, एक निळी, मध्ये हायड्रेंजियाचं झुडूप. एका सकाळी गोडबोलेकाकांची पाटी गायब! काका तडक शेजारच्या दारात.

“पाटणकर, माझी पाटी दे.”

“डॉक्टर, तुझी पाटी मी कशाला घेऊ? मला ती बघवतसुद्धा नाही!”

“म्हणूनच घेतलीस!”

झालं. शब्दानं शब्द वाढला. पाटी नंतर सापडली. लॉन कापणाऱ्या माणसानं ती उचलून गोडबोलेकाकांच्याच शेडमागे ठेवली होती. पण तोवर दोघांचं बोलणं बंद झालं होतं आणि सॉरी कोणी आधी म्हणायचं ह्यावर गाडी अडली होती.

त्यात बर्फ पडला. ड्राइव्हवेवरचा बर्फ उडवायचं मशीन, स्नोब्लोअर, दोघांनी मिळून घेतलेलं. त्या वर्षी ते पाटणकरांच्या गराजमध्ये होतं. गोडबोलेकाका मागायला गेले नाहीत, पाटणकरकाकांनी आपणहून दिलं नाही. गोडबोलेकाका फावडं घेऊन बर्फ उपसतायत आणि पाटणकरकाका ब्लाइंड्सच्या फटीतून बघत पुटपुटतायत, “वेडा आहे. कंबर मोडून घेईल.” असं अख्खा हिवाळा चाललं. शेवटी एका सकाळी शोभाकाकूंनी गाऊनवर नवऱ्याचं जाकीट चढवलं, स्वतः मशीन ढकलत शेजारी नेलं आणि सोबत पोह्यांचा डबा दिला. डॉक्टर डबा हातात घेऊन दारातच रडले, असं काकू सांगतात. थंडीनं डोळ्यांतून पाणी येतं, असं डॉक्टर सांगतात.

त्यानंतर काकूंनी जाहीर केलं, “पुढच्या इलेक्शनला पुन्हा हे झालं तर शनिवारचे पोहे बंद. कायमचे! ह्या वयात मला दोन म्हातारे दोन घरांत वेगवेगळे सांभाळायचे नाहीयेत.”

काकू बोलतात ते करतात. गोडबोलेकाकांना त्या घराशिवाय कोण आहे? आणि खरं सांगायचं तर आम्हाला तरी इथे दुसरं कोण आहे?

* * *

तर ह्या वर्षीचा उन्हाळा. आम्ही सगळे इंडियन ग्रोसरीतून बाहेर पडत होतो. दाराशी एक गोरे गृहस्थ, हाफ पँट आणि टाय अशा अवतारात, हातात क्लिपबोर्ड घेऊन उभे. घामानं निथळत होते बिचारे. ते एका तिसऱ्याच उमेदवाराचे कार्यकर्ते निघाले. मोठ्या पक्षांची नावं मतपत्रिकेवर आपोआप छापली जातात, पण ह्यांच्या माणसाचं नाव व्हर्जिनियाच्या मतपत्रिकेवर छापून यायला इथल्या मतदारांच्या भरपूर सह्या लागतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. मत द्यायलाच पाहिजे असं नाही, फक्त नाव येऊ द्या, एवढीच विनंती.

आता, मराठी माणसाला लहानपणापासून काय शिकवतात? कुठेही सही करायची नाही!

पाटणकरकाकांनी क्लिपबोर्ड हातात घेतला, तिथेच उन्हात बारीक अक्षरातला सगळा मजकूर वाचला, एक स्पेलिंग मिस्टेक दाखवून दिली आणि क्लिपबोर्ड परत दिला. गोडबोलेकाका म्हणाले, “माझी सही फार्मसीवाल्यालासुद्धा लागत नव्हती, तुम्हाला काय लागणार?” शोभाकाकू म्हणाल्या, “ह्यांना विचारून सांगते.” हे शेजारीच उभे होते! आणि मी? मी नुकतीच सिटिझन झाले होते. इतकी वर्षं ग्रीन कार्डच्या लाइनीत काढल्यावर कुठल्याही कागदाला हात लावायची भीतीच बसलीय. “नेक्स्ट टाइम,” असं म्हणून मी सटकले.

काकूंना मात्र राहवलं नाही. त्यांनी पिशवीतून मँगो लस्सीची बाटली काढून त्या गृहस्थांच्या हातात ठेवली. ते इतके खूश झाले की म्हणाले, “थँक यू फॉर युअर सपोर्ट!”

* * *

त्या उमेदवाराचं आडनाव भयंकर होतं. सगळी व्यंजनं एका ठिकाणी गोळा झालेली, स्वर शोधायला दुर्बीण लागावी. एका शनिवारी गोडबोलेकाकांनी पोहे खाता खाता ते म्हणायचा प्रयत्न केला आणि समीर पटकन म्हणाला, “ब्लेस यू, काका!”

तेव्हापासून आमच्यात त्यांचं नाव पडलं ‘तिसरे गृहस्थ’.

* * *

माझं हे पहिलंच मत. भारतात अठरा पूर्ण झाल्यावर यादीत नावच सापडलं नाही आणि मग इकडे आले. त्यामुळे एवढ्या वर्षांनी मिळालेलं पहिलं मत वाया जाता कामा नये, ह्याचं मला भयंकर टेन्शन. सरावासाठी इंटरनेटवरून मतपत्रिकेचा एक जुना नमुना काढला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

“काय शोधतेयस?” समीरनं विचारलं.

“चिन्ह.”

“कसलं चिन्ह?”

“अरे, निवडणूक चिन्ह! प्रत्येकाच्या नावापुढे असतं ना?”

“इथे चिन्ह नसतं यार. नुसतं नाव. नावापुढचा गोल काळा करायचा.”

नुसतं नाव! ना शिट्टी, ना कपबशी, ना नारळ. ह्या देशात लोक लक्षात तरी कसं ठेवतात?

मी हे शोभाकाकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मी तर पहिल्या वेळी मत देऊन झाल्यावर त्या टेबलवरच्या बाईपुढे बोट केलं. शाई लावायला.”

“मग?”

“मग काय! तिला वाटलं मी तिच्या अंगठीकडे दाखवतेय. बराच वेळ ती अंगठी कुठून घेतली ते सांगत बसली.”

* * *

ग्रुपमध्ये ज्याचं मत अजून ठरलं नव्हतं अशी मी एकटीच. समीरला मतच नाही, तो अजून सिटिझन नाही. त्यामुळेच बहुधा सगळ्यात ठाम मतं त्याची! शोभाकाकू तर एवढ्या वर्षांत कोणाला देतात ते पाटणकरकाकांनासुद्धा माहीत नाही.

मी कन्फ्यूज आहे हे कळताच दोन्ही काकांनी मला धरलं. गोडबोलेकाका एका संध्याकाळी त्यांच्या बागेतले टोमॅटो घेऊन आले आणि टॅक्सवर बोलले. दुसऱ्या दिवशी पाटणकरकाका मेथी घेऊन आले आणि हेल्थ इन्शुरन्सवर बोलले. टोमॅटोवाल्यांचं ऐकलं की वाटायचं, बरोबरच आहे. मेथीवाल्यांचं ऐकलं की वाटायचं, हेही बरोबरच आहे. मी दोघांनाही सांगायची, “काका, अजून ठरत नाहीये हो.”

मग वांगी आली. मग दुधी. मग गवती चहा.

“तू लवकर ठरवू नकोस,” समीर फ्रीज उघडून म्हणाला. “थंडी पडेपर्यंत तरी नको!”

पण मी खरंच नाटक करत नव्हते. ऑफिसात ऐकायची, तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं. दुसरीकडे ऐकायची, न पटणाऱ्याला दिलेलं मत त्याहून वाया जातं. रात्री डोळे मिटले की लाल, निळा आणि मध्ये ते नाव नसलेले तिसरे गृहस्थ! शोभाकाकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “भात वाया जातो, भाजी वाया जाते. मत कसं वाया जाईल? ते काय डब्यात राहतं?”

हे ऐकून तर मी आणखीच कन्फ्यूज झाले.

* * *

पुढचं मी कोणालाच सांगणार नव्हते, पण आता सांगते.

टोमॅटोच्या शेवटच्या खेपेला गोडबोलेकाका निघताना दारात थांबले. आवाज खाली करून म्हणाले, “तुला म्हणून सांगतो. ह्या वेळचा आमचा उमेदवार मलाही पटत नाही. पण मी दुसरीकडे गेलो तर पाटणकर जन्मभर चिडवेल. त्याला बोलू नकोस.”

त्याच आठवड्यात पाटणकरकाका मेथी घेऊन आले. तेही दारात थांबले. “तुला म्हणून सांगतो. आमच्याकडचा ह्या वेळी काही खरा नाही. पण मी मागे हटलो तर डॉक्टर जन्मभर ऐकवेल. त्याला बोलू नकोस.”

मी कोणाला बोलले नाही. फक्त शोभाकाकूंना सांगितलं. आता त्यांना सांगणं म्हणजे काही बोलणं नव्हे!

* * *

पुढच्याच शनिवारी काकूंनी बार उडवला. निमित्त झालं केतकीचं. केतकी म्हणजे काकूंची भाची, न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहते. तिचा फोन आला, तो काकूंनी स्पीकरवर टाकला. केतकी सांगत होती, “मावशी, माझी मतपत्रिका पोस्टानं आली. मी ह्या वेळी थर्ड पार्टीला देतेय. ते अवघड आडनावाचे आहेत ना, त्यांना. त्यांचं नाव छापलंय आमच्याकडे.”

फोन ठेवला आणि काकू दोघांकडे वळल्या. “तुम्ही एवढी वर्षं मतं देताय. एक लाल, एक निळं. दोघांची बेरीज किती?”

“शून्य,” पाटणकरकाका म्हणाले. इंजिनियर ना!

“मग ह्या वेळी दोघंही त्या तिसऱ्या गृहस्थांना द्या. म्हणजे निकाल काही लागो, दोघंही हरणार. एकानं जिंकून नाचायचं नाही, दुसऱ्यानं रुसायचं नाही. भांडण कशावर करणार?”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

“मी देईन,” गोडबोलेकाका शेवटी म्हणाले. “पण हा देईल ह्याची गॅरंटी काय?”

“आणि आत जाऊन हा लालवर गोल काळा करणार नाही कशावरून?”

“शपथ घ्या,” काकू म्हणाल्या.

कशाची घ्यायची ह्यावर वाद झाला. देवाची शपथ गोडबोलेकाकांना चालत नाही, घटनेची शपथ पाटणकरकाकांना फार मोठी वाटली. शेवटी सगळे गराजमध्ये गेलो आणि दोघांनी स्नोब्लोअरवर हात ठेवून शपथ घेतली. माझाही हात ओढून त्यावर ठेवला. “तू पण तिसऱ्यालाच! तुझं कन्फ्यूजनही संपलं.”

माझं कन्फ्यूजन मुळीच संपलं नव्हतं, पण दोघं इतक्या वर्षांत पहिल्यांदा निवडणुकीच्या विषयावर हसत होते. मी कशाला मोडता घालू?

* * *

दोघांनी अर्ली व्होटिंगला, म्हणजे निवडणुकीच्या दिवसाआधीच मत द्यायला, एकत्र जायचं ठरवलं, एकाच गाडीतून, म्हणजे एकमेकांवर नजर राहील. शोभाकाकू मागच्या सीटवर. मला त्या दिवशी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून मी नंतर जाणार होते.

आतला प्रकार काकूंनी सांगितला. मत द्यायला पुठ्ठ्याचे आडोसे लावलेली टेबलं असतात. गोडबोलेकाकांनी शेजारच्या आडोशावरून मान उंच करून पाटणकरकाकांच्या कागदावर डोकवायचा प्रयत्न केला. तिथली बाई धावत आली. “सर! सर! नो पीकिंग!”

“मी डॉक्टर आहे,” गोडबोलेकाका म्हणाले. “पेशंट ठीक आहे ना, ते बघत होतो.”

बाहेर आल्यावर दोघांनी छातीवर ‘मी मत दिलं’चे स्टिकर लावले. मग पार्किंग लॉटमध्ये चौकशी.

“दिलंस?” पाटणकरकाकांनी विचारलं.

“दिलं! तिसऱ्या नंबरवर होतं नाव. ठसठशीत!”

“अगदी! तिसऱ्याच नंबरवर. मीही तोच गोल काळा केला.”

आणि एवढ्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. दोघांनी भर पार्किंग लॉटमध्ये मिठी मारली. ऐकून मला भरून आलं. वाटलं, एका मतानं एवढं काम होत असेल तर आणखी काय पाहिजे!

* * *

निवडणुकीच्या दिवशी मी आमच्या जवळच्या शाळेत गेले. जिममध्ये टेबलं मांडली होती, कोपऱ्यात बास्केटबॉल. मतपत्रिका हातात घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन वाचायला सुरुवात केली.

पहिलं नाव, मोठा पक्ष. दुसरं नाव, मोठा पक्ष. तिसरं नाव कुणा भलत्याच बाईंचं. चौथं आणखी कुणाचं. तिसरे गृहस्थ कुठेच नाहीत! मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, कागद उलटा करून पाहिला. मागे शाळेच्या बाँडबद्दल काहीतरी होतं.

शेवटी हात वर केला. एक आजीबाई आल्या. मी ते आडनाव जमेल तसं उच्चारलं.

“ओह, हिम! ही इज नॉट ऑन द बॅलट इन व्हर्जिनिया, हनी. दे डिडन्ट गेट इनफ सिग्नेचर्स.”

सगळ्यात खाली नाव हातानं लिहायला एक कोरी ओळ होती. पण ते स्पेलिंग मला काय, आमच्यातल्या कोणाच्या बापाला येत नव्हतं!

मी पेन हातात धरून उभी राहिले. मागे लाइन वाढत होती. किती वेळ उभी होते कोण जाणे. मग एक गोल काळा केला. कोणाचा ते विचारू नका, मी अजून समीरलाही सांगितलेलं नाही.

* * *

शनिवारी पोह्यांना गेले. निकाल लागला होता. एका काकाचा रंग जिंकला होता आणि एकाचा हरला होता, पण चेहऱ्यावरून कोणी ओळखलं असतं तर शपथ. दोघं गराजसमोर बसून स्नोब्लोअरचं ऑइल बदलत होते. दोघांचे हात काळे, कपाळाला एकेक काळा पट्टा.

“हरलो बरं का आपण!” मला बघून पाटणकरकाका आनंदानं ओरडले.

“सडकून हरलो!” गोडबोलेकाका म्हणाले.

हात धुऊन सगळे टेबलावर बसलो. शोभाकाकू आत पोह्यांच्या दुसऱ्या खेपेला फोडणी देत होत्या. गोडबोलेकाकांनी पहिला घास घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “मग? तुला दिसलं ना नाव?”

पाटणकरकाकांचा चमचा अर्ध्यावर थांबला. गोडबोलेकाकाही चावायचे थांबले. दोघं माझ्याकडे बघत होते. खिडकीतून ड्राइव्हवेवर उभं असलेलं मशीन दिसत होतं.

“दिसलं की!” मी म्हटलं. “तिसऱ्या नंबरवर. ठसठशीत!”

“बघ!” गोडबोलेकाका म्हणाले. “मी काय सांगत होतो?”

“मी कधी नाही म्हटलं?” पाटणकरकाका म्हणाले. “आणि दिलंस ना त्यांनाच?”

“त्यांनाच.”

“म्हणजे आपल्या एकट्या गल्लीतून त्या गृहस्थांना तीन मतं!”

आतून झारा आपटल्याचा आवाज आला.

“तीन कशी?” शोभाकाकू ओरडल्या. “माझं धरा. चार!”